डाईक, डाइश आणि आमची उघाडी

खांड जाते तेव्हा आधी वास येतो, आवाज मागाहून. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं की आम्ही पेणकडच्या खारेपाटातली माणसं 'खांड गेली' म्हणतो. वास खाडीच्या तळाचा असतो, वर्षानुवर्षं उजेड न पाहिलेल्या चिखलाचा. मी शाळेत होते तेव्हा भर दुपारी, आम्ही जेवायला बसलेले असताना, तो वास आला. बा ताटावरून उठला, हात न धुता फावडं घेऊन पळाला. उधाणाची भरती होती. माणसं बांधावर पोचेपर्यंत लोंबीवर आलेलं भात पाण्याखाली गेलं होतं.

खारं पाणी एकदा शेतात बसलं की ते एका पावसाने धुऊन निघत नाही. पुढे कितीतरी हंगाम आमच्या घरात घरचा तांदूळ शिजला नाही. बा मिठागरावर मजुरीला जाऊ लागला. गावच्या विहिरी मचूळ, म्हणून आई हायवेच्या बाजूने डोक्यावरून पाणी आणायची. घरात मिठाला तोटा नव्हता, बाकी सगळ्याला होता.

फुटलेला बांध बांधायला घरटी एक माणूस गेला पाहिजे, हा गावचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. बा मिठागरावर अडकलेला असायचा, भाऊ लहान होते. मग आमच्या घरचा माणूस म्हणून मी उभी राहिले. भरती उतरल्यावर रांग लावायची, एकाने चिखल कापायचा आणि त्याचे गोळे हातोहात पुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "तू कशाला आलीस गो? बापाला पाठव."

मी म्हटलं, "बाप नाय. मी हाय."

त्याने एक गोळा माझ्या हातात दिला. पुढे कुणी विचारलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्याच बांधावर उभं आहे. माझा धंदा भाषांतराचा. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात, त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तकं येतात, कधी माणसं येतात. पुस्तकांचं मराठी-इंग्रजी करणं आणि माणसांच्या मधे बसून बोलणं, ही दोन्ही कामं मी आयुष्यभर केली. जर्मन चांगली येते, फ्रेंच बरी, इटालियन भांडण्यापुरती.

लोक विचारतात, "रोह्यात बसून जर्मन कशी काय शिकलात?" विचारण्याच्या सुरात असं असतं की जर्मन ही पुण्याच्या एका ठरावीक पेठेतच उगवते. मी पेणच्या कॉलेजातून बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. धाटावच्या एका कंपनीत टायपिस्ट लागले. तिथे जर्मनीहून एक यंत्र आलं आणि त्याचं इंग्रजी पुस्तक वाटेत कुठेतरी गहाळ झालं. साहेब लोक चित्रं पाहून यंत्र जोडत होते. मला ते बघवेना. मी शब्दकोश मिळवला आणि एकेक शब्द लावत बसले. मग दर रविवारी एसटीने पुण्याला क्लासला जाऊ लागले. पहिल्याच तासाला बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी "नाय" म्हटलं. वर्गात खसखस पिकली. बाई म्हणाल्या, "आधी मराठी तरी शुद्ध बोला." मी जर्मन शुद्ध बोलायला शिकले. मराठीत मी आजही नाय म्हणते.

मधे बसून बोलायच्या धंद्याचे नियम दोनच आहेत, पण बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतात. पहिला नियम, दुभाष्याच्या तोंडातला 'मी' हा दुभाष्याचा नसतो. समोरचा जर्मन बोलला, "मला भूक लागली आहे," की आपण "यांना भूक लागली आहे" असं म्हणायचं नाही. "मला भूक लागली आहे" असंच म्हणायचं. नवीन होते तेव्हाची गोष्ट. मिशीवाल्या एका जर्मन फिटरच्या शेजारी उभी राहून मी सगळ्या प्लँटसमोर गंभीरपणे सांगितलं, "माझी बायको आजारी आहे, मला शुक्रवारी घरी जायलाच हवं." आमच्या कॅन्टीनला गडब गावचा एक माणूस होता. दुसऱ्या दिवशी चहा देताना हळूच म्हणाला, "बायको बरी हाय ना मॅडम?" पुढे वर्षभर तो मला तेच विचारत राहिला. मी पण सांगायची, "बरी हाय, आता माहेरी गेलीय."

दुसरा नियम, बोललेलं वाक्य गाळायचं नाही. मूर्खपणाचं असो, शिवी असो, जांभई देत बोललेलं असो. जे या बाजूने आलं ते त्या बाजूला पोचलं पाहिजे. हा नियम मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. रांगेत हातात आलेला गोळा मधेच खाली टाकला तर पुढच्याचा हात रिकामा राहतो.

आता शब्दाकडे येते. केमिकल कारखान्यात ॲसिडच्या मोठ्या टाक्यांभोवती कमरेइतकी भिंत असते. टाकी फुटली तर आतलं ॲसिड त्या भिंतीत अडून राहावं, बाहेर नाल्यात जाऊ नये, म्हणून. धाटावला लहानथोर सगळे या भिंतीला 'डाईक' म्हणतात. मी नवी असताना एका इंजिनिअरला विचारलं, "डाईक म्हणजे काय?" तो म्हणाला, "डाईक म्हणजे डाईक." मग मीच मागे लागले.

मागे लागल्यावर जे हाती आलं त्याने मला वेड लावलं. समुद्र अडवणाऱ्या बांधाला इंग्रजीत डाईक, डच भाषेत डेक, जर्मनमध्ये डाइश. डचांचा शब्द फ्रेंचांनी घेतला आणि 'डिग' केला. इटलीत गेला तो 'दिगा' झाला आणि मोठ्ठं धरण होऊन बसला. स्पेनमध्ये 'दिके'. पण गंमत पुढे आहे. इंग्रजीत चराला 'डिच' म्हणतात, तो याच डाईकचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये डाइश म्हणजे बांध, आणि त्याचंच दुसरं रूप 'टाइश' म्हणजे तळं. डेन्मार्कमध्ये याच शब्दाचा अर्थ उंच बांध, आणि शेजारी स्वीडनमध्ये खोल चर. एकाच शब्दाने उंचवटाही सांगायचा आणि खड्डाही. मूळ अर्थ, जाणकार सांगतात, खुपसणं. जमिनीत अवजार खुपसलं की एका जागी चर होतो आणि उपसलेल्या मातीचा बाजूला बांध होतो. कुठे माणसांनी नाव चराला ठेवलं, कुठे बांधाला.

हे मी घरी बाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. बा विडी ओढत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जर्मनीत चिखल हाय?"

"हाय ना."

"मंग बरं हाय," म्हणाला, आणि विडी संपवली.

त्याच सुमारास पंप बसवायला यान नावाचा एक डच माणूस आला होता. माझ्याशी जर्मनमध्ये बोलायचा. रोह्याच्या लॉजवर रविवारी कंटाळला, तेव्हा मी त्याला आमच्या गावी नेलं. बाच्या बांधावर तो उकिडवा बसला, बोटाने चिखल उकरला, हुंगला आणि हसला. म्हणाला, "हा वास माझ्या आजोबांच्या बुटांना यायचा." बाला तो माणूस एकदम पटला. मला म्हणाला, "ह्याला विचार, तुज्या गावात खांड गेली तं कोण जातं?"

यान म्हणाला, आता यंत्रं जातात, पण पूर्वी ज्याने त्याने आपल्या वाट्याचा बांध राखायचा, अशी रीत होती. नाहीच जमलं तर त्याने आपलं फावडं बांधात खुपसायचं आणि जमीन सोडून चालू लागायचं. जो ते फावडं उपटेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. मी हे बाला सांगितलं. बाने विडी पेटवली. मग म्हणाला, "आपल्याकडं तसं जमायचं नाय. फावडं खुपसून निघालास, तं शेजारी उपटून परत तुज्याच हातात देतो."

यानला हे इतकं आवडलं की त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

या सगळ्यातून माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं, आणि ते खूळ नव्हतं असं माझं आजही म्हणणं आहे. ज्या कंपनीची ही गोष्ट आहे तिचं नाव लिहीत नाही. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हवर पाटी होती आणि प्रत्येक पाटी इंग्रजीत. प्लँटवर काम करणारे निम्मे लोक खारेपाटातले, उरलेले रोह्याच्या आतल्या गावांतले, भात काढून वाल पेरणारे. त्यांना इंग्रजी अक्षरं लागायची, वाक्य लागत नव्हतं. मी प्लँटच्या मोठ्या साहेबांना म्हटलं, पाट्या मराठीत करू या, मी करून देते.

साहेब सभ्य होते, पुण्याचे. म्हणाले, "मॅडम, फॉरेनचे लोक व्हिजिटला येतात. मराठी पाट्या बऱ्या दिसत नाहीत."

"फॉरेनचे लोक व्हॉल्व्ह फिरवत नाहीत, साहेब."

"ट्रेनिंग देतो की आपण," ते म्हणाले, आणि विषय संपवला. ट्रेनिंग म्हणजे काय, तर पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवायची आणि शेवटी सही घ्यायची.

तिथे जनार्दन म्हणून एक ऑपरेटर होता. सगळे जना म्हणत. आमच्या गावाला लागून त्याचं गाव, मला ताई म्हणायचा. बरीच वर्षं कंत्राटावर होता आणि त्या वर्षी त्याचं नाव पर्मनंट करायच्या यादीत आलं होतं. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला नव्हता. बायको मला बाजारात भेटली की म्हणायची, "एवढं येकदा व्हऊ दे ताई, मंग मी कुनाकडं काय मागनार नाय."

पावसाची झड लागली होती. टाकीभोवतीच्या भिंतीत पावसाचं पाणी साठून गुडघ्याच्या वर आलं. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग पाहायचा, पाणी साधं आहे अशी खात्री करायची, वरिष्ठांची परवानगी घ्यायची आणि मगच भिंतीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं. जना दुपारच्या शिफ्टला आला, त्याने साठलेलं पाणी पाहिलं, मागच्या नाल्याकडे एक नजर टाकली आणि व्हॉल्व्ह उघडला.

पाणी साधं नव्हतं. टाकीखालचा पंप सकाळपासून थेंबथेंब गळत होता. नाल्यात पाणी पडायच्या आधी कुंपणाजवळ जो शेवटचा खड्डा असतो, त्यात वॉचमनला फेस दिसला, त्याने आरडाओरडा केला आणि खड्ड्याची फळी पाडून वाट बंद केली. म्हणून ते पाणी कुंडलिका नदीला लागलं नाही. लागलं असतं तर मी जनाची बाजू घेऊन हा लेख लिहिला नसता, हेही स्पष्ट सांगते. नदीकाठी आमचीच माणसं राहतात.

चौकशी बसली. कंपनीत जर्मनांची भागीदारी होती आणि त्यांचा सुरक्षेचा माणूस, ब्राउअर नावाचा, त्याच आठवड्यात येणार होता. साहेबांनी त्याच्यासमोरच चौकशी उरकायचं ठरवलं, म्हणजे दोषी सापडला आणि काढला हे त्याला दिसेल. मला दुभाषी म्हणून बोलावलं. मोठं टेबल, एसी, बिस्किटं. जना युनिफॉर्ममध्ये, हेल्मेट मांडीवर. भिंतीला लागून साक्षीला बोलावलेले तीन ऑपरेटर. त्यांतले दोघं खारेपाटातले, एक रोह्याच्या आतल्या गावचा.

ब्राउअर डोंगरातला माणूस. समुद्र त्याने सुट्टीत पाहिलेला. शांत, कोरडा, पेनाने टेबलावर टकटक करणारा. त्याने जर्मनमध्ये विचारलं आणि मी मराठीत विचारलं, "तुम्ही व्हॉल्व्ह का उघडलात?"

जनाने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. म्हणाला, "आहोटी होती, साहेब."

टेबलाभोवती हसू पसरलं. केमिकल कारखान्यात, ॲसिडच्या टाकीजवळ, आहोटी. साहेबही हसले. मला म्हणाले, "मॅडम, ते सोडा. चूक कबूल आहे एवढं सांगा त्यांना."

मी जर्मनमध्ये सांगितलं, "आहोटी होती."

ब्राउअरची टकटक थांबली. "आहोटी? कुठे?"

साहेब त्याला इंग्रजीत म्हणाले, माणूस गोंधळलाय. मग मला, जरा कडक आवाजात, "तुम्हाला सांगितलं ना, ते वाक्य सोडा म्हणून."

आता माझ्यासमोर काय होतं ते सांगते. जनाची नोकरी त्या एका वाक्यात होती. ते गाळलं असतं तर उरला असता एक बेफिकीर माणूस. आणि नुसतं पोचवून गप्प बसले असते तर उरला असता एक खुळा माणूस. दोन्हींपैकी एकही खरा नव्हता. माझं स्वतःचं म्हणाल, तर त्या कंपनीचं काम म्हणजे माझ्या वर्षभराच्या कामाचा मोठा वाटा होता. हे साहेबांना ठाऊक होतं आणि मलाही.

मी पेन खाली ठेवलं. आधी मराठीत, मग जर्मनमध्ये म्हटलं, "आत्तापर्यंत या टेबलावर मी जितक्या वेळा 'मी' म्हटलं, तो दुसऱ्याचा होता. आता बोलते ती मी."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ट्रान्सलेट करायला बोलावलंय. वकिली करायला नाही."

"व्हय. पण हे वाक्य नुसतं भाषांतराने पोचत नाय."

उठून मी फळ्यावर दोन बांध काढले. पहिला आमच्या गावचा. बाहेर खाडी, आत भात. बांधाच्या पोटात लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पावसाचं पाणी शेतात साठलं की आहोटी बघून ते उघाडीतून खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत दार बंद. सोडलं नाही तर भात कुजतं. भरतीच्या वेळी सोडायला गेलं तर खाडी आत येते. म्हणून पाणी साठलेलं दिसलं की आमचा माणूस विचार करत नाही, तो आधी नाल्याकडे बघतो. धाटावच्या मागचा नाला नदीला मिळतो आणि रोह्यापर्यंत नदीला भरती चढते. जनाने नाल्याकडे पाहिलं, पाणी उतरतं होतं. त्याने उघाडी उघडली. आत पाणी तुंबलेलं पाहून जो उघाडी उघडत नाही, त्याला आमच्याकडे सगळं गाव शिव्या घालतं.

दुसरा बांध टाकीभोवतीचा. बाण उलटा. तिथे आतलं बाहेर जाता कामा नये. "यांनी भिंत पाहिली, आत तुंबलेलं पाणी पाहिलं, तळाला दार पाहिलं. जन्मापासून जे ओळखतात तेच ओळखलं. ही भिंत उलटी आहे हे यांना कुणी सांगितलंय का, ते विचारा."

ब्राउअरने विचारलं. साहेब म्हणाले, "पाटी आहे ना तिथे. स्पष्ट लिहिलंय."

"कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"मॅडम, मराठीत टेक्निकल शब्द नसतात. डाईकला काय लिहिणार तुम्ही? बंड वॉलला काय लिहिणार?"

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. ब्रिटिश पुस्तकांत याच भिंतीला 'बंड' म्हणतात. तो शब्द इंग्रजांनी इथे येऊन उचलला. आपला बांध आणि फारसीतला बंद, एकाच घराण्यातले. जर्मनमध्ये बांधण्याला 'बिंडन' म्हणतात, तोही त्याच घराण्यातला, लांबचा. "साहेब," मी म्हटलं, "तुम्ही रोज म्हणता तो बंड आमच्याच शेताच्या कडेचा आहे. विलायतेला जाऊन टाय लावून आला, म्हणून तुम्ही ओळखला नाही. आणि डाईकचं म्हणाल, तर तो निम्म्या युरोपात चिखल उपसणाऱ्या माणसांचा शब्द आहे. पुस्तकवाल्यांनी तो त्यांच्याकडून घेतला. आमच्या माणसांकडून एक शब्द घ्यायला तुम्हाला काय अडचण आहे?"

साहेबांनी एक शेवटचा डाव टाकला. भिंतीजवळच्या तिघांकडे वळून म्हणाले, "तुम्ही पण इथलेच. तुम्ही असता तर न विचारता व्हॉल्व्ह उघडला असता का? खरं सांगा." त्यांना वाटलं, नोकरीच्या भीतीने तिघंही नाही म्हणतील.

पहिला उठला. टोपी हातात, आवाज बारीक. "व्हय साहेब. मी पन उघडला असता."

दुसरा बसल्या जागेवरून म्हणाला, "मी तं गेल्या साली उघडलाय. पानी साधं निघालं, म्हनून तुमाला कललं नाय."

तिसरा आतल्या गावचा, वाल पिकवणारा. तो डोकं खाजवत म्हणाला, "आमच्याकडं खाडी नाय साहेब. मला भरती-आहोटी कलत नाय. पन पाटीवर काय लिवलंय ते पन कलत नाय. त्यामुलं मी बी उघडला असता, भरतीत सुदा."

मी तिन्ही वाक्यं जर्मनमध्ये सांगितली, एकही न गाळता. पुन्हा दुभाषी झाले होते. 'मी उघडला असता, मी उघडलाय, मी बी उघडला असता.' बोलताना मला बाचं वाक्य आठवत होतं. साहेबांनी जनाला फावडं खुपसून निघायला सांगितलं होतं, आणि शेजाऱ्यांनी ते उपटून परत त्याच्या हातात दिलं.

ब्राउअर फार काही बोलला नाही. तो आमच्यावर फिदा झाला, डोळे पाणावले, असलं काही घडलं नाही. त्याने वहीत चार ओळी लिहिल्या आणि साहेबांना विचारलं, "चौघांनाही काढणार का?" साहेबांनी फाइल मिटली. "मग ही एका माणसाची चूक नाही," तो म्हणाला. जनाला लेखी ताकीद द्या, न विचारता हात लावला म्हणून. बाकी पाट्या आणि ट्रेनिंग यांचं काय करता ते मला कळवा. एवढं बोलून त्याने बिस्किट उचललं.

बाहेर जनाने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "ताई," म्हणाला, "तू बोर्डावर उघाडी उलटी काढलीस. दार खाडीच्या अंगाला उघडतं."

"तुजी नोकरी वाचली ते बघ आधी."

"ते हाय. पन दार उलटं होतं."

गेटपाशी साहेब भेटले. म्हणाले, "छान बोललात. पण आम्हाला दुभाषी हवा होता."

"मग पुढच्या वेळी दुसरा बोलवा," मी म्हटलं.

त्यांनी तसंच केलं. दोन पावसाळे त्या कंपनीचा एक कागद माझ्याकडे आला नाही. त्या दिवसांत घर कसं चाललं ते इथे लिहीत नाही, पण चाललं. पाट्याही झाल्या नाहीत. पुण्याहून कुणीतरी केलेल्या मराठीचा एक नमुना लागला, त्यात व्हॉल्व्हला 'निचरा नियंत्रक झडप' लिहिलं होतं. जनाने ती पाटी वाचून मला फोन केला, "ताई, ही झडप कोन?"

मग साहेब बदलून गेले. नव्या बाई आल्या, आणि जर्मनीहून नवं यंत्र आलं, त्याच्या सहा पेट्या पुस्तकांसकट. बाईंचा फोन आला. मी म्हटलं, "करते. पण आधी पाट्या, मग पुस्तकं."

"आधी पुस्तकं केलीत तर बरं, यंत्र थांबलंय."

"थांबू दे," मी म्हटलं. हे म्हणताना मला भीती वाटली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण म्हटलं.

पाट्या मी प्लँटवर बसून लिहिल्या, जना आणि बाकीच्यांना शेजारी घेऊन. एकेक वाक्य त्यांना वाचायला लावायचं, अडखळले की खोडायचं. 'उघाडी' हा शब्द पाहून बाईंनी विचारलं, हा कुठल्या डिक्शनरीत आहे. मी म्हटलं, पाटी ज्यांनी वाचायची त्यांच्या डोक्यात आहे. टाकीजवळची पाटी अशी आहे: 'हा बांध आतलं आत ठेवायला आहे. पाऊस साठला तरी उघाडी उघडू नका. भरती असो, आहोटी असो. आधी पट्टी बुडवून रंग बघा, मग विचारा.' 'भरती असो, आहोटी असो' हे जनाने घालायला लावलं.

एक गोष्ट सलते. आमच्या गावचा बांध आता कुणी धड राखत नाही. पोरं शिफ्टला असतात, घरटी माणूस निघत नाही, दोनदा खांड गेली ती तशीच राहिली. बाच्या शेतात आता खाऱ्या चिखलातली तिवरं वाढली आहेत. मी कारखान्यातले बांध राखले, घरचा राहिला नाही. बा असता तर त्याने मला दोन शब्द सुनावले असते, आणि मी ऐकून घेतले असते.

आज त्या कंपनीत मराठी पाटीशिवाय एकही व्हॉल्व्ह चालू होत नाही. शेजारच्या दोन कारखान्यांनी त्याच पाट्या मागून नेल्या. जना पर्मनंट आहे, आणि नव्या माणसांना त्या भिंतीजवळ उभं करून पहिला धडा तोच देतो. पाट्यांवरचं मराठी माझं आहे.